नाव बदललेला बँड

कविसंमेलनात चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो, ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ विचारणारा कौतुकानेच विचारतो. मी हसतो, आणि मला मुंबईचा ‘रॉक मशीन’ आठवतो. उदय बेनेगल, महेश तिनईकर अशा नावांची ही मुलं इंग्रजीत गात. त्यांनाही हेच विचारलं जाई.

हा बँड 1984 सालचा. त्याआधी 1980 मध्ये ‘पोलीस’ हा लंडनचा न्यू वेव्ह बँड मुंबईत वाजवून गेला होता. जमैकाचा रेगे ठेका त्यांनी खुशाल आपलासा केला होता. आपल्याकडे मात्र कॉलेजच्या पोरांना परदेशी गाणीच हवी असत, तीही हुबेहूब. अशा काळात रॉक मशीनने 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला.

मी तेव्हा कल्याणला शिकत होतो. मित्राने कॅसेट आणली. शब्द निम्मे कळले नाहीत, गिटारची किंचाळी तेवढी कळली. बाज सगळा विलायती, पण गाणी इथल्या पोरांनी रचलेली, याचंच अप्रूप.

1990 मध्ये दुसरा अल्बम आला, आणि 1993 साली त्यांनी नावच बदललं. ‘इंडस क्रीड’. इंडस म्हणजे आपली सिंधू. 1995 च्या अल्बममध्ये इथल्या मातीचा सूर डोकावू लागला. केबलवर त्यांचे व्हिडिओ दिसत. मला ती संथ गाणी जास्त आवडली. माझा मित्र मात्र रुसला, म्हणाला, ‘धार गेली.’ पण तो जमाना हिंदी पॉपचा होता. इंग्रजी रॉकवर पोट भरणं कठीण. 1997 मध्ये बँड मोडला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ या नावाने भारतीय सुरांशी उघड दोस्ती केली.

2010 मध्ये मंडळी पुन्हा जमली, काही वादक नवे. 2012 चा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम पुन्हा गिटारचा आणि इंग्रजीतलाच, पण वळणावळणाचा. आपण कुठले हे सिद्ध करायची घाई त्यात मला कुठे जाणवली नाही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मुलीच्या हेडफोनवर तो मी कल्याण लोकलमध्ये ऐकला. मुंब्य्राचा बोगदा आला, संपला. या वेळी शब्द बहुतेक कळले.