क्रूझ बुक झाली, ॲडव्हान्स गेला आणि मग रेट उतरला... आता काय करायचं?



डीलर स्कीमच्या व्हिडिओत क्रूझचा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. त्यानंतर आपल्याच बॅचमधल्या सांगलीच्या एका वितरकांचा फोन आला. पंप आणि पाइपचा धंदा आहे त्यांचा. वर्षभराचं टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला जोडीने सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ, अशी स्कीम त्यांनी लावली होती. अकरा डीलर त्यात बसले, बारावी केबिन त्यांची स्वतःची. म्हणजे १२ केबिन, २४ माणसं. ॲडव्हान्स भरून झाला होता. दोन महिन्यांनी सहज म्हणून साइट उघडली, तर तीच बोट, तीच तारीख आणि रेट माणशी ९,००० रुपयांनी कमी!

२४ गुणिले ९,००० म्हणजे २ लाख १६ हजार. आता त्यांचं निव्वळ मार्जिन धरा तीन टक्के. एवढी रक्कम सुटायला ७२ लाखांचा माल विकावा लागतो. ते म्हणाले, "सर, पण ॲडव्हान्स भरला म्हणजे विषय संपला ना?"

नाही संपला. क्रूझच्या धंद्यात ॲडव्हान्स भरल्यापासून पूर्ण पैसे भरेपर्यंतचा जो काळ असतो, त्यातच तर खरी बोलणी होतात. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, कारण आपण क्रूझकडे विमानाच्या तिकिटासारखं बघतो. काढलं तिकीट, विसरलो रेट.

आधी रेट खाली-वर का होतो ते समजून घ्या. बोट बंदरातून सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. मंगल कार्यालयवाल्याला विचारा, मुहूर्ताची तारीख रिकामी गेली तर ती पुढच्या महिन्यात विकता येत नाही. क्रूझचं तसंच आहे, वर आणखी एक भानगड आहे. बोटीवरचा माणूस तिकिटाशिवायही खर्च करतो. ड्रिंक्स, कॅसिनो, स्पा, वायफाय, बंदरावर उतरून केलेली सहल, फोटो. त्यामुळे केबिन रिकामी गेली तर कंपनीचं भाडंही बुडतं आणि हा वरचा गल्लाही बुडतो. म्हणून बुकिंग थंड असलं की कंपनी रेट खाली आणते, भरभर भरत असलं की वर नेते. तुमची केबिन आधीच विकली गेलीय, त्यामुळे खाली आलेला रेट ती आपणहून तुम्हाला कळवणार नाही. मागायला तुम्हालाच जावं लागणार.

सगळ्यात महत्त्वाची तारीख

तुमच्या बुकिंगच्या कागदावर 'फायनल पेमेंट'ची तारीख शोधा. कंपनीनुसार ती बदलते, पण साधारणपणे चार रात्रींच्या छोट्या सफरीला निघण्याच्या अडीच महिने आधी आणि मोठ्या सफरीला तीन महिने किंवा त्याहून आधी असते. आपल्याकडचे एजंट स्वतःच्या सोयीसाठी ती आणखी थोडी अलीकडे ओढतात. त्यामुळे कंपनीची तारीख वेगळी आणि एजंटची वेगळी असू शकते. दोन्ही विचारून घ्या.

या तारखेच्या आत असाल आणि डिपॉझिट परत मिळण्याजोगं असेल, तर तुमचा हात वर आहे. तुम्ही बुकिंग रद्द करून नव्या रेटने परत घेऊ शकता, हे कंपनीलाही कळतं. म्हणून बहुतेक वेळा रद्द न करताच जुन्या बुकिंगला नवा रेट लावून मिळतो. याला त्यांच्या भाषेत री-प्राइस म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, फोनवर उपयोगी पडतो. डिपॉझिट परत न मिळणारं असेल तर दार बंद होतं असं नाही. काही कंपन्या फरकाची रक्कम बोटीवर खर्च करण्यासाठी क्रेडिट म्हणून देतात, काही ठिकाणी बदलाचा चार्ज लागतो. तो फरकापेक्षा जास्त असेल तर सोडून द्या.

तारीख उलटली की गणित उलटं होतं. आता रद्द केलं तर तुमचेच पैसे कापले जाणार, त्यामुळे रोख परतावा सहसा विसरायचा. गंमत अशी, की रेट पुष्कळदा याच सुमारास हलतो. ज्यांचं जायचं नक्की नसतं ते लोक पूर्ण पैसे भरायच्या आधी बुकिंग सोडतात, त्या केबिन परत विक्रीला येतात. म्हणून शेवटच्या दहा दिवसांत रोज एकदा रेट बघा. एरवी आठवड्यातून एकदा पुरे. मोबाइलवर रिमाइंडर लावा, सोमवारी सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं.

आपल्या लोकांचा इथे एक घोटाळा होतो. आपल्याला वाटतं, मे आणि दिवाळी सोडली की रेट पडणार. पण बोट सिंगापूरहून सुटते. तिथल्या शाळांना जूनमध्ये मोठी सुट्टी असते आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरभर त्याहून मोठी. चिनी नववर्षाची गर्दी वेगळीच. आपल्याकडे शाळा सुरू झाल्या म्हणून जूनमध्ये स्वस्त मिळेल, हा हिशेब तिथे चालत नाही. उलट मुंबई–गोवा बोटीवर सगळा ग्राहकच आपला, तिथे आपलं सुट्टीचं कॅलेंडर चालतं.

दिसणारा रेट आणि खरा रेट

आता परत सांगलीकडे. तो ९,००० चा फरक खरा होता का? थोडाच. साइटवर मोठ्या अक्षरात जो रेट होता तो 'गॅरंटी' केबिनचा होता. म्हणजे बाल्कनी मिळणार हे नक्की, पण कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, हे कंपनी ठरवणार. शिवाय डिपॉझिट परत न मिळणारं. यांच्याकडे होत्या स्वतः निवडलेल्या, एका मजल्यावरच्या बारा केबिन आणि परत मिळणारं डिपॉझिट. तसल्याच केबिनचा नवा रेट काढला तेव्हा फरक उरला माणशी ४,८००.

तेवढ्यावर थांबायचं नाही. जुन्या ऑफरमध्ये प्रत्येक केबिनला साधारण ३,००० रुपयांचं बोटीवरचं क्रेडिट होतं. नव्या रेटला ते नव्हतं. म्हणजे माणशी १,५०० गेले. निव्वळ फायदा माणशी ३,३००, चोवीस जणांचे ७९,२००. दोन लाखांच्या मानाने कमी वाटेल, पण एका फोनचे आणि दोन मेसेजचे ७९ हजार कुठल्या धंद्यात मिळतात? त्यांनी तो रेट घेतला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घेतला असता, कारण क्रेडिट बोटीवरच खर्च करावं लागतं आणि इथे रोख रक्कम आपल्या खात्यात राहते.

म्हणून तुलना करताना माणशी रेट बघूच नका. नवीन बुकिंग करतोय असं दाखवून शेवटच्या पानापर्यंत जा आणि एकूण देय रकमेला एकूण देय रक्कम लावा. यात पोर्ट चार्जेस आणि टॅक्स वेगळे असतात, त्यांवर डिस्काउंट नसतो. '३० टक्के सूट' असं लिहिलेलं असतं ते फक्त भाड्यावर. टिप्स, म्हणजे ग्रॅच्युइटी, काही ठिकाणी रेटमध्ये धरलेल्या असतात आणि काही ठिकाणी रोजच्या रोज माणशी लागतात. कुटुंबाने जाणार असाल तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं फुकट असलेली जुनी ऑफर नव्या रेटच्या नादात घालवू नका. एका झटक्यात नुकसान होतं.

आणि चलन! बुकिंग डॉलरमध्ये असेल तर रेट डॉलरमध्येच ताडून बघा. मधल्या काळात रुपया हलला असेल तर रुपयातला फरक फसवा दिसतो.

एजंटशी कसं बोलायचं

एजंटमार्फत बुकिंग असेल तर कंपनीला थेट फोन करून उपयोग नाही. ते तुम्हाला एजंटकडेच परत पाठवतील, बुकिंग त्याच्या नावावर असतं. आणि जरा त्याच्या खुर्चीत बसून बघा. रेट कमी झाला की त्याचं कमिशनही कमी होतं आणि कामही परत करावं लागतं. म्हणून "तुम्ही मला महाग दिलं" असा सूर लावलात की तो टाळायला लागेल. त्याने महाग दिलेलं नाही, त्या दिवशीचा रेटच तो होता. साधा, मुद्देसूद मेसेज टाका. सांगलीकरांना मी हा लिहून दिला होता:

"नमस्कार. आमचं बुकिंग अमुक नंबर, बाल्कनीच्या १२ केबिन. आज याच तारखेला याच कॅटेगरीचा रेट कमी दिसतोय, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जोडलाय. बुकिंग रद्द न करता री-प्राइस होईल का? झालं तर सध्याच्या ऑफरमधलं काय जाईल आणि नवीन एकूण रक्कम किती होईल, तेवढं लेखी कळवा. तुमचा सर्व्हिस चार्ज असेल तर तोही त्यात धरा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्याच्या कष्टाचे पैसे द्यायला आपण तयार आहोत हे कळलं की फोन लवकर उचलला जातो. मेसेज त्याच दिवशी टाका, कारण आजचा रेट उद्या असेलच असं नाही. आणि काहीही झालं तरी नवं बुकिंग हातात आल्याशिवाय जुनं रद्द करू नका. बारा केबिन सोडल्या आणि परत आठच मिळाल्या, तर उरलेल्या चार डीलरना काय सांगणार? बुकिंग नंबर बदलला तर व्हिसाच्या कागदांवरही परिणाम होतो. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच उतरताय म्हणजे मल्टिपल एंट्री लागते, तेव्हा ते कागद नीट जुळू द्या.

यांच्या बारा केबिन बारा सुट्या बुकिंग म्हणून घेतल्या होत्या. ग्रुप म्हणून ब्लॉक केल्या असत्या तर वेगळं गणित झालं असतं. बऱ्याच कंपन्या ग्रुपला साधारण सोळा जणांमागे एका माणसाचं भाडं माफ करतात. ते माफ झालेलं भाडं कुणाच्या खिशात जातं, हे बुकिंगच्या आधीच विचारायचं! ग्रुपचा रेट बांधलेला असतो, त्यामुळे पुढे रेट चढला तर तुम्ही सुखरूप. पण मधल्या काळात लागलेला जाहीर सेल ग्रुपला लागू होईलच असं नाही. डीलर स्कीमला मी तरी ग्रुपच सुचवेन, कारण स्कीम जाहीर करताना आपल्याला खर्चाचा पक्का आकडा हवा असतो.

पूर्ण पैसे भरल्यानंतर

रोख मिळत नसली तरी वस्तू मिळू शकते. तुम्ही खिडकीच्या केबिनचे जेवढे पैसे भरलेत तेवढ्यात आता बाल्कनी विकली जात असेल, तर "परतावा नको, वरची केबिन द्या" असं विचारा. कंपनीच्या तिजोरीतून काही जात नाही, त्यामुळे होकाराची शक्यता बरी असते. नाही म्हणाले तर बोटीवरचं क्रेडिट मागा.

दुसरा मार्ग बोलीचा. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या काही सफरींवर ई-मेल पाठवून वरच्या केबिनसाठी बोली लावायला सांगतात. इथे सावध! बोली सहसा माणशी असते. ५,००० लिहिलेत तर केबिनचे १०,००० झाले. बोली स्वीकारली गेली की पैसे लगेच कापले जातात, परत मिळत नाहीत आणि केबिन कुठली हे तुम्ही ठरवत नाही. आधी बघा, तीच वरची केबिन सरळ विकत घेतली तर किती जादा पडतात. बोली त्याच्यापेक्षा पुष्कळ खाली हवी, नाहीतर सरळ घ्या. सगळे डीलर शेजारी-शेजारी हवे असतील तर या वाटेला जाऊच नका. एकाला स्वीट आणि बाकीच्यांना बाल्कनी मिळाली, तर पुढचं वर्षभर तेच ऐकावं लागेल.

ड्रिंक्स पॅकेज, वायफाय, सहली या गोष्टी आधीच घेतल्या असतील तर त्यांचे रेट निघण्याच्या आदल्या दिवसांपर्यंत बघत राहा. बहुतेक कंपन्यांत हे बोट सुटण्याआधी ठरलेल्या मुदतीत रद्द करून परत घेता येतं, केबिनच्या पैशांना हात न लावता. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेच्या वेळी यात चांगली सूट दिसते. बोटीवर चढल्यावर हेच सगळं महाग पडतं. फक्त अट वाचा, काही बोटींवर एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावंच लागतं. डीलरच्या मिसेस पित नसतील तर ते पैसे पाण्यातच.

रेट कमी करून मिळाला की कागद मागायचे. धंद्याच्या नावावर बिल झालेलं असेल तर एजंटकडून क्रेडिट नोट घ्या, नुसता व्हॉट्सॲपवरचा "केलं सर" चालणार नाही. तुमच्या सीएला पुस्तकात दाखवायला तीच लागते. परदेशी टूर पॅकेजवर एजंटने टीसीएसही कापलेला असतो. तो कमी झालेल्या रकमेनुसार दुरुस्त झालाय का, ते विचारा आणि तुमच्या पॅनवरच्या २६एएस मध्ये नंतर ताडून बघा. तो टीसीएस तुमचाच पैसा आहे, रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. पण बुकिंग फर्मच्या पॅनवर आहे की तुमच्या स्वतःच्या, हे आजच तपासा. ॲडव्हान्सच्या पावतीवरच ते लिहिलेलं असतं.