एकसंध संगणक घेताना

नवा संगणक घरी येण्यापूर्वी यंत्रांची हौस असलेल्या मंडळींत जी वाटाघाट चालते, ती एखाद्या सोयरिकीच्या बोलाचालीहून कमी गंभीर नसते. मेमरी किती घ्यावी, प्रोसेसर मधला चालेल की वरचाच हवा, साठवणीला २५६ गीगाबाइट पुरे होतील काय, अशा प्रत्येक प्रश्नावर दोन तट पडतात आणि दोन्ही तटांपाशी आकडे तयार असतात. संगणक साध्या पेटीचा असेल, तर ह्या वादाला फारशी धार येत नाही. आज जे राहिले ते दोन वर्षांनी घालता येते. झाकण उघडावे, जुना भाग काढावा, नवा बसवावा. परंतु पडदा, प्रोसेसर, मेमरी, साठवण आणि ध्वनिक्षेपक हे सारे एकाच कवचात सामावलेला जो संगणक असतो, ज्यास ऑल-इन-वन म्हणतात आणि ज्यास एकसंध संगणक म्हणावयास हरकत नाही, त्याची गोष्ट निराळी आहे. तेथे पुष्कळदा पहिली निवड हीच अखेरची निवड ठरते. आणि ती यंत्र वापरून पाहण्याच्या आधी करावी लागते, ही त्यातील खरी अडचण होय.

ही अडचण काल-परवाची नव्हे. अमेरिकेतील ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिन्टॉश हा संगणक लोकांपुढे मांडला. किंमत २,४९५ डॉलर आणि मेमरी अवघी १२८ किलोबाइट. ती वाढविण्यासाठी आत एकही मोकळी खोबण ठेवलेली नव्हती. कवच बंद करणारे दोन स्क्रू मुठीच्या खळग्यात इतके खोल बसविलेले होते की, घरातील नेहमीचा पेचकस तेथवर पोहोचत नसे. यंत्र मालकाचे, परंतु त्याचे दार मालकासाठी नव्हे, असाच त्या रचनेचा अर्थ होता. तथापि त्या यंत्राची विद्युत्-पाटी आखणारे बरेल स्मिथ यांनी पुढे निघणाऱ्या मोठ्या चिपा त्याच जागी बसतील अशी तजवीज करून ठेवली होती. हौशी लोकांनी ती हेरली. डाख वितळवून जुन्या सोळा चिपा काढावयाच्या, त्यांच्या जागी चौपट शक्तीच्या सोळा चिपा लावावयाच्या, म्हणजे १२८चे ५१२ किलोबाइट होत. काम नाजूक होते, हात चुकला तर पाटीच गमावण्याचा धोका होता. तरी ते धाडस करणारे निघाले. कंपनीनेही त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ५१२ किलोबाइटचा संगणक विक्रीस काढला, ह्यावरून पहिली मेमरी अपुरी होती हे हौशांचे म्हणणे खरे ठरले असेच म्हटले पाहिजे.

पुढे १९९८ साली त्याच कंपनीचा आयमॅक आला आणि एकसंध संगणक घरोघरी ओळखीचा झाला. ह्या आयमॅकच्या वाटचालीत दार कधी उघडे, कधी बंद, असा खेळ सतत चाललेला दिसतो. २००४ सालच्या आयमॅक जी-फाइव्हची पाठ तीन स्क्रू सैल केले की सहज उचलली जाई आणि आतील अनेक भाग मालकाने स्वतः बदलावेत अशीच व्यवस्था होती. २०१२ साली यंत्राची कड अवघी पाच मिलिमीटर झाली. काच आणि पडदा एक होऊन कवचाला चिकटपट्टीने जोडले गेले. त्या वर्षीच्या २१.५ इंची यंत्रात मेमरीच्या खोबणी होत्या खऱ्या, परंतु त्या पाटीच्या मागे. तेथे जावयाचे तर चिकटपट्टी कापून पडदा उतरवावा लागे. २७ इंची यंत्राच्या पाठीवर मात्र मेमरीसाठी एक छोटेसे दार शाबूत राहिले. एकाच वर्षी, एकाच नावाने विकली गेलेली ही दोन भावंडे. पण एकाचा मालक पाच मिनिटांत मेमरी वाढवी, तर दुसऱ्याला कारागिराचे घर गाठावे लागे. केवळ नाव पाहून खरेदी करणाऱ्यास हा भेद दुकानात कळत नसे.

साठवणीच्या बाबतीत तर नाव तेच ठेवून आतील माल बदलल्याचे उदाहरण आहे. २०१२ साली ॲपलने फ्यूजन ड्राइव्ह नावाची जोडणी आणली. मोठी परंतु मंद अशी फिरती हार्ड डिस्क आणि लहान परंतु चपळ अशी एसएसडी ह्यांची ती युती होती. वारंवार लागणारी माहिती एसएसडीवर राही, बाकीची डिस्कवर जाई. एक टेराबाइटच्या जोडणीत आरंभी १२८ गीगाबाइटची एसएसडी होती. २०१५ सालच्या अखेरच्या यंत्रांत त्याच नावाच्या, त्याच एक टेराबाइटच्या जोडणीत ती २४ गीगाबाइटवर आली. दोन टेराबाइटची जोडणी घेणाऱ्यास मात्र १२८ गीगाबाइट मिळत राहिले. म्हणजे ज्याने थोडे पैसे वाचविले, त्याने जागा निम्मी गमावली असे नव्हे, तर वेगच गमावला. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांपेक्षा तपशिलाच्या तक्त्यातील बारीक अक्षरे का वाचावीत, ह्याचा ह्याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

निवडीचे शास्त्र समजण्यासाठी २०२० सालच्या ऑगस्टमध्ये आलेला २७ इंची आयमॅक थोडा निवांतपणे पाहण्यासारखा आहे. त्याची आरंभीची किंमत १,७९९ डॉलर होती आणि त्यात ८ गीगाबाइट मेमरी मिळे. कंपनीकडूनच ती ३२ गीगाबाइट करून घ्यावयाची तर ६०० डॉलर अधिक पडत. बाहेरच्या बाजारात तेवढीच मेमरी ह्या रकमेच्या चतुर्थांशाच्या आसपास मिळत असे. शिवाय पाठीमागच्या दाराआड चार खोबणी होत्या आणि कंपनीची चार-चार गीगाबाइटची पट्टी त्यांपैकी दोहोंतच असे. उरलेल्या दोन खोबणींत सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या घातल्या की, बेरीज ४० गीगाबाइट होई. हे दार उघडण्याची कळही मोठ्या युक्तीने, वीजदोरी खोवण्याच्या जागेतच ठेवलेली होती. दोरी उपसल्याविना बोट कळीपर्यंत जाऊच शकत नसे. अशा लहान गोष्टींतून रचनाकाराचा विचार दिसतो.

मग उरलेला पैसा कोठे घालावा? येथेच हौशी मंडळींनी एक शहाणपणाचा क्रम लावला होता. त्या यंत्रातील एसएसडी आता पाटीवर डाखाने पक्की झालेली होती. चित्रांचे काम सांभाळणारा ग्राफिक्स प्रोसेसर तर आधीपासूनच तसा होता. त्याच्या स्वतःच्या मेमरीचे ४ गीगाबाइटपासून १६ गीगाबाइटपर्यंत पर्याय होते. मुख्य प्रोसेसर सहा, आठ किंवा दहा गाभ्यांचा मिळे. ह्यांपैकी काहीही मागाहून सुखासुखी बदलणे शक्य नव्हते. म्हणून जे मागाहून घालता येते ते कमीत कमी घ्यावे आणि जे येत नाही त्यावर खर्च करावा, हा त्यांचा हिशेब अगदी बिनतोड होता. जलद जाळ्याच्या जोडणीसाठी, म्हणजे दहा गीगाबिटच्या इथरनेटसाठी, १०० डॉलर अधिक पडत. ज्याच्या घरी तसे जाळे नाही त्यालाही तो सौदा स्वस्त वाटे, कारण नंतर बाहेरून जोडणी लावण्याचे साधन त्याहून महाग होते. चकाकी कमी करणाऱ्या नॅनो-टेक्स्चर काचेला मात्र ५०० डॉलर होते. खिडकीकडे तोंड करून बसणाऱ्या चित्रकाराला तिचे मोल असेल. इतरांनी पडद्याची जागा बदलली तरी पुष्कळ काम भागते.

दहा गाभ्यांचा प्रोसेसर घेण्याविषयी मतभेद होता आणि तो रास्त होता. चलच्चित्रांचे संकलन, मोठ्या संगीतरचना, त्रिमिती आकृत्या अशी कामे अनेक गाभ्यांत वाटून देता येतात. पत्रलेखन आणि हिशेब ही कामे तशी वाटली जात नाहीत. त्यातच पातळ कवचात उष्णता कोंडते. प्रोसेसर फार तापला की आपला वेग स्वतःच उतरवितो किंवा पंखा जोराने घुमू लागतो. कागदावरील वेग आणि दुपारी तासभर काम केल्यानंतरचा वेग ह्यांत म्हणूनच अंतर पडते.

हे २७ इंची यंत्र २०२२ सालच्या मार्चमध्ये विक्रीतून गेले. तत्पूर्वी, २०२१ साली, ॲपलने स्वतःच्या एम-वन चिपेवर चालणारा २४ इंची आयमॅक आणला होता आणि त्याबरोबर दाराचा प्रश्नच निकालात निघाला. कवचाची जाडी ११.५ मिलिमीटर. मेमरीसाठी ना दार, ना खोबण; ८ किंवा १६ गीगाबाइट, काय ते विकत घेतानाच ठरवावयाचे. ह्यात कंपनीचा लोभ पाहणारे पुष्कळ आहेत आणि वाढीव मेमरीचे दर पाहता त्यांस सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. परंतु दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. ह्या रचनेत मेमरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी, एकाच कवचीत बसते आणि मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स दोघेही तिचाच उपयोग करतात. अंतर कमी, वाट रुंद. २०२० सालच्या २७ इंची यंत्रात मेमरीकडून सेकंदाला सुमारे ४२ गीगाबाइट माहिती येऊ शके. एम-वनमध्ये हा आकडा सुमारे ६८ झाला, तर २०२४ साली आलेल्या एम-फोरमध्ये १२०. खोबणीची सोय सोडून वेग मिळविला, असा हा व्यवहार आहे; तो गिऱ्हाइकाला विचारून झालेला नाही, एवढेच.

ह्या पिढीत स्वस्त आणि महाग नमुन्यांतील भेदही नीट पाहण्याजोगे आहेत. २०२१ सालच्या सर्वांत स्वस्त यंत्रात एकच पंखा होता, वरच्यांत दोन. इथरनेटची जोडणी वरच्या नमुन्यांत विजेच्या ठोकळ्यातच दिलेली होती; खालच्यात ती वेगळी मागावी लागे. २०२४ सालच्या यंत्रात मेमरी निदान १६ गीगाबाइट झाली, ही समाधानाची गोष्ट. तरीही खालच्या नमुन्याला दोन जोडछिद्रे आणि वरच्यांना चार, हा फरक राहिलाच.

मेमरीचा अंदाज कसा करावा, हा श्रोत्यांचा साहजिक प्रश्न. त्यासाठी परक्याचे आकडे घेण्यापेक्षा आपल्या जुन्या यंत्राला विचारणे बरे. मॅकिन्टॉशमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर नावाची सोय असते. तीत मेमरीवरील ताणाचा आलेख दिसतो. हिरवा असेल तर ठीक, पिवळा वा तांबडा असेल तर मेमरी अपुरी पडून यंत्र एसएसडीची उसनवारी करीत आहे असे समजावे. आपले नेहमीचे सर्वांत जड काम चालू ठेवून हा आलेख आठवडाभर पाहिला, तर निम्मा वाद तेथेच मिटतो. साठवणीची चिंता त्या मानाने हलकी. फोटो आणि चलच्चित्रे बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतात आणि आजच्या जोडण्या त्यासाठी पुरेशा जलद आहेत. मेमरीला अशी बाहेरची वाट नाही. म्हणून शेवटचे काही हजार रुपये हाती उरले असतील, तर ते साठवणीपेक्षा मेमरीवर घालणे अधिक श्रेयस्कर.

आणखी एक गोष्ट ह्या चर्चांत उशिरा निघते, ती म्हणजे पडद्याची. प्रोसेसर जुना होतो, पडदा तितक्या लवकर होत नाही. २००९च्या अखेरीपासून २०१४च्या मध्यापर्यंतचे बरेच आयमॅक दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरता येत असत. २०१४ साली ५,१२० गुणिले २,८८० बिंदूंचा फाइव्ह-के पडदा आला. इतके बिंदू एका दोरीतून नेण्याची ताकद त्या वेळच्या जोडणीत नव्हती आणि ती सोय गेली. पुढे जोडण्या सुधारल्या, सोय परतली नाही. आज काही हौशी लोक जुना फाइव्ह-के आयमॅक उघडून त्यातील पाटी, पंखा सारे काढतात, पडद्यासाठी वेगळी नियंत्रक पाटी बसवितात आणि त्या सुंदर काचेला दुसरा जन्म देतात. ज्यांना हा खटाटोप नको, ते मॅक मिनीसारखा लहान संगणक आणि स्वतंत्र पडदा घेतात. त्या पेटीतही मेमरी वाढविता येत नाही. पण पाच-सहा वर्षांनी बदलावयाची झाली तर फक्त पेटी बदलते. २०२४ साली एम-फोर चिपेची ही पेटी अमेरिकेत ५९९ डॉलरांस निघाली, तर त्याच चिपेचा आयमॅक १,२९९ डॉलरांस. मधल्या ७०० डॉलरांत साडेचार-के दर्जाचा पडदा, कॅमेरा, ध्वनिक्षेपक, कळफलक आणि माऊस एवढे येते. तेवढ्याच रकमेत हे सारे सुटे घेऊ गेल्यास पडदा बहुधा कमी दर्जाचा पत्करावा लागतो, आणि टेबलावर दोऱ्याही वाढतात.