छाप ओळखण्यातील गफलत

खरिपाच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रात येणारा शेतकरी पुष्कळदा औषधाचे नाव सांगत नाही. गेल्या वर्षीची ती वाघाच्या चित्राची बाटली द्या, एवढेच म्हणतो. नाव परभाषेतले व अक्षर बारीक असल्याने ते विसरले जाते. चित्र मात्र लक्षात राहते. दुकानदार फळीवरून काढून देतो त्या बाटलीवरही वाघच असतो, परंतु तो तोच वाघ आहे काय, हे गर्दीत कोणी पाहत नाही.

चित्रावरून माल ओळखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये रंगविलेले तांबडे सूत मुंबईच्या बाजारात येई. त्यावरील चिठ्ठीत दोन हत्ती असत, म्हणून ते सूत ‘बे हाथी’ या नावानेच विकले जाई. पुढे दुसऱ्या एका पेढीने आपल्या सुतावर दोन हत्तींचीच चिठ्ठी लावली. चित्रे हुबेहूब नव्हती; तरीही १८८२ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय पहिल्या पेढीच्या बाजूने दिला. ज्या ग्राहकास इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने दोन हत्ती हीच मालाची ओळख होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ साली पार्ले कंपनीच्या दाव्यात हीच कसोटी लावली. दोन्ही बिस्किटांच्या वेष्टनांवर शेतावरचे घर, गाई, कोंबड्या आणि मध्ये एक मुलगी होती. एकीच्या हाती पाण्याची बादली, तर दुसरीच्या डोक्यावर गवताचा भारा. शेजारी ठेवून पाहिल्यास फरक सहज दिसतो. परंतु ग्राहक दोन वेष्टने शेजारी ठेवून खरेदी करीत नाही. पूर्वी पाहिलेले अंधूक आठवून तो समोरचा माल उचलतो. सामान्य ग्राहकाकडून गुप्तहेराच्या नजरेची अपेक्षा करता येत नाही, असे मानून न्यायालयाने दुसऱ्या वेष्टनास मनाई केली.

असा दावा लावणे हे चिन्हाच्या मालकाचे काम आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत शेतकऱ्याची फवारणी होऊन गेलेली असते.

याहून मोठी गफलत अस्सल मालातही होते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एकाच कंपनीच्या कीटकनाशकावर व तणनाशकावर तेच चिन्ह असू शकते. चिन्ह माल कोणाचा हे सांगते. बाटलीत काय आहे हे सांगत नाही. कपाशी २,४-डी या तणनाशकास अतिशय नाजूक असते. अल्प अंश अंगावर गेला तरी पाने अरुंद होऊन आकसतात. कीटकनाशक समजून तेच फवारले गेल्यास पीक हातचे जाते.

बाटलीवरील रंगीत त्रिकोणाविषयीही असाच गैरसमज आढळतो. लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग विषारीपणाची पायरी दाखवितात; लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. ते कायद्याने ठरलेले असून सर्व कंपन्यांना सारखेच लागू आहेत. ‘हिरव्या त्रिकोणाचे औषध’ असे कोणतेही एक औषध नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषधाची शिफारस करताना चित्र सांगून थांबू नये. औषधातील क्रियाशील घटकाचे नाव व त्याचे प्रमाण देवनागरीत चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि शेतकऱ्याने ती चिठ्ठी दुकानात बाटलीवरील लेबलाशी ताडून पाहावी. पावतीवर गट क्रमांक लिहून घ्यावा. बियाण्याच्या बाबतीत पिशवी, खूणचिठ्ठी, पावती व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. औषधाविषयी शंका आल्यास कीटकनाशक निरीक्षकास कळवावे. त्यास नमुना घेण्याचा अधिकार आहे. त्याच गटाची एखादी सीलबंद बाटली घरी उरली असेल, तर ती उघडू नये.