मोहरीची उशी आणि परदेशातलं बाळ

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत बाळंत झाली. तिची अम्मी नागपूरहून निघाली तेव्हा बॅगेत काय नव्हतं? डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, काजळाची डबी, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि महालातल्या माझ्या मित्राच्या आईनं शिवून दिलेली मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ही उशी. आमच्याकडे बाळाच्या कानात अजान देतात, मित्राकडे बारशाला कानात कुर्रर्र करतात. पण मोहरीच्या उशीला धर्म नसतो.

काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘बाळ कुठं झोपतं?’ अम्मी कौतुकानं म्हणाली, ‘आईच्या कुशीत, आणखी कुठं?’ डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. उशी नको, गोधडी नको, काजळ नको, मध नको, एका बिछान्यात झोपवणं नको! त्या रात्री बायको फोनवर रडली. म्हणाली, ‘मी तीन लेकरं वाढवली, ती काय अशीच वाढली?’ मुलगी बिचारी मध्ये सापडली. आईचं ऐकावं की डॉक्टरांचं?

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. डॉक्टरकी मला कळत नाही. पण प्रश्न नातवाचा होता. इथल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बसलो, आणि एकेक गाठ सुटत गेली.

झोपेचंच घ्या. धडधाकट तान्हं बाळ झोपेतच दगावतं, याची पाश्चात्त्य देशांत मोठी धास्ती होती. १९९४ साली अमेरिकेत बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथल्या गाद्या मऊ, पांघरुणं जाड. त्यात बाळाचं नाक दबू शकतं. म्हणून सल्ला असा, की बाळ आईच्या खोलीतच असावं, पण त्याचा बिछाना वेगळा, सपाट आणि घट्ट असावा. म्हणजे आईपासून तोडा असं त्या सांगतच नव्हत्या! काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक. मधातून एक विषारी जंतू पोटात जाऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोट नको. ही दोन पथ्यं आपले नागपूरचे डॉक्टरही सांगतात. आपणच ऐकत नाही.

पण परदेशी रीत तेवढी शास्त्र आणि आपली ती अडाणी, असंही नाही. जपानमध्ये आई-वडिलांच्या मधे मूल झोपवण्याची जुनी पद्धत आहे. डेन्मार्कमध्ये बाबागाडीतलं बाळ उघड्या हवेत झोपवतात. १९९७ साली एका डॅनिश आईनं न्यूयॉर्कमध्ये हॉटेलबाहेर अशीच बाबागाडी उभी केली, तर तिला अटक झाली! २०११ साली नॉर्वेत एका बंगाली दांपत्याची दोन मुलं बालकल्याण यंत्रणेनं ताब्यात घेतली. हातानं भरवण्यावर आणि सोबत झोपवण्यावरही आक्षेप होता, असं पालकांनी सांगितलं. संस्कृतीतला फरक हे कारण नव्हतं, असं यंत्रणेचं म्हणणं. २०१२ मध्ये मुलं भारतात आली आणि २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती आईकडे सोपवली. म्हणून परक्या मुलुखात आपली रीत समजावून सांगता आली पाहिजे आणि त्यांची समजून घेता आली पाहिजे.

जगानं आपल्यासारख्यांकडून घेतलंही आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथं काचपेट्या अपुऱ्या होत्या! आज श्रीमंत देशांतली इस्पितळंही ती वापरतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला दाखवलं. तिथं आजीबाईची माया होती आणि डॉक्टरांचं शास्त्रही.

मग मी बायकोला फोनवर म्हटलं, ‘तुझी माया कुणी नाकारली नाही, फक्त डबी नाकारली.’ ती बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, ‘तेल लावून मालिश करू?’ त्या हसून म्हणाल्या, ‘हलक्या हातानं, जरूर करा.’ डिंकाचे लाडू मुलीनं खाल्ले. सातव्या दिवशी काढलेल्या जावळाच्या वजनाइतक्या चांदीची किंमत दान केली, त्याला कुठल्याच डॉक्टरची हरकत नव्हती. पाळणा आईच्या पलंगाला लागून ठेवला. रात्री हात सहज पोचतो.

आणि नजर लागू नये म्हणून? अम्मीनं बाळाच्या झबल्यावर काळ्या दोऱ्यानं एक छोटी तीट भरली. मोहरीची उशी मात्र आता आमच्या दिवाणखान्यात आहे. नातू नागपूरला आला, की ती पायानं उडवत खेळतो. त्याचं डोकं छान गोल आहे, बरं का!