राधानगरीचे किती दरवाजे उघडले?

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून हेच विचारतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि एकेकातून 1428 क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि तिथून पंचगंगेत येतं. दरवाजांची ही माहिती आणि राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी जाहीर होत राहते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्यावर नजर ठेवून नदीकाठचा शेतकरी मोटार वर काढतो, म्हशी सोडवतो. आकडा वेळेवर आला, खरा ठरला, तरच पुढच्या सूचनेला गाव हलतं. उशीर झाला तर अफवा आधी पोहोचते. आकडे सांगणं हा उपकार नव्हे. शासनानं शक्य तेवढी माहिती न मागता द्यावी, असं 2005च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं.