लाटा कोठे गेल्या?

समुद्राचे एखादे छायाचित्र हाती येते. त्यात काळे खडक स्पष्ट दिसतात. पण लाट एकही नसते. खडकांभोवती केवळ शुभ्र धुके पसरलेले असते. पाहणारा लगेच म्हणतो, "हे खोटे आहे, समुद्र कधी असा दिसतो काय?" या आक्षेपाचा विचार करू लागलो, की छायाचित्रणाचे एक मूलतत्त्व आपल्या हाती लागते.

कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी. तिची झडप जितका वेळ उघडी राहील, तितकाच वेळ भिंगातून प्रकाश आत येतो. या अवधीला एक्स्पोजर म्हणतात. झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली, तर उसळलेली लाट जागच्या जागी थिजल्यासारखी उमटते. तीच झडप तीस सेकंद उघडी ठेवली, तर त्या वेळात येऊन फुटलेल्या साऱ्या लाटा एकाच चित्रात एकमेकींवर पडतात. कोणत्याही एका लाटेचा आकार टिकत नाही. सर्वांच्या फेसाची जणू सरासरी उरते. तेच ते धुके! खडक मात्र पूर्ण वेळ अचल असतो, म्हणून तो रेखीव येतो. अर्थात त्यासाठी कॅमेराही तितकाच अचल हवा. तो भक्कम तिपाईवर बसवावा लागतो.

भर दिवसा तीस सेकंद प्रकाश आत आला, तर चित्र पांढरेफटक होईल. म्हणून भिंगापुढे गडद काच लावतात. सुमारे हजारावा हिस्सा प्रकाशच आत सोडणारी काच असेल, तर जे काम सेकंदाच्या साठाव्या भागात झाले असते, त्याला सुमारे १७ सेकंद लागतात.

अशा चित्रांना अलिबागचा कुलाबा किल्ला फार शोभून दिसतो. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. भरतीत त्याला पाण्याचा वेढा पडतो. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. चित्राच्या नादात हे वेळापत्रक विसरणे जिवावर बेतू शकते. म्हणून छायाचित्रकाराने प्रथम भरतीची वेळ पाहावी आणि मगच तिपाई उघडावी.

आपले हैदराबाद समुद्रापासून दूर आहे. तथापि याच तत्त्वावर आधारलेले एक मोठे कार्य येथे घडले. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेत आली. संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याची जी आंतरराष्ट्रीय योजना १८८७ मध्ये पॅरिस येथे ठरली होती, तिच्यातील दक्षिण आकाशाचा १७ ते २३ अंशांमधील पट्टा या वेधशाळेने पूर्ण केला. तारे अंधुक असल्याने काचेवर कित्येक मिनिटे प्रकाश साठवावा लागे. पृथ्वी फिरत असल्यामुळे स्थिर दुर्बिणीत ताऱ्याची रेघ उमटली असती. म्हणून दुर्बीणच यंत्राच्या साहाय्याने ताऱ्यामागे फिरवीत. समुद्रकाठी कॅमेरा स्थिर, तर येथे तो फिरता. परंतु नियम एकच. कॅमेऱ्याच्या दृष्टीने जे स्थिर राहते ते उमटते, जे हलते ते पुसले जाते.

हा नियम ठाऊक नसला, तर छायाचित्र आपल्याला फसवू शकते. १८३८ मध्ये दागेर याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाशाला कित्येक मिनिटे लागल्याने गाड्या आणि माणसे नाहीशी झाली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा राहिला. ते पाहून "पॅरिस त्या दिवशी ओस पडले होते" असे कोणी म्हणेल, तर दोष चित्राचा नव्हे, वाचणाऱ्याचा होय. चित्र खरेच आहे. पण ते एका क्षणाचे नसून अनेक मिनिटांचे आहे.

सुट्टीत कोकणात किंवा अन्य किनाऱ्यावर जाल, तेव्हा एकाच जागेवरून दोन चित्रे घ्या: एक क्षणार्धाचे, दुसरे तीस सेकंदांचे. दोन्ही शेजारी चिकटवा आणि प्रत्येकाखाली त्याचा अवधी लिहा. समुद्र दोन्हींत तोच आहे, हे पाहणाऱ्यास निराळे सांगावे लागणार नाही.