बॉबिन जाम झालं, तरी चाकाशी झटापट नको

एप्रिल सरत आला की सोलापुरात माझा फोन शांत राहत नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गणवेशांचे गठ्ठे बाहेर पडायचे असतात. पूर्व भागातल्या खोल्याखोल्यांत आणि एमआयडीसीतल्या शेडमध्ये शिलाई मशिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात. त्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. आणि निम्म्याहून अधिक फोन एकाच तक्रारीचे: "अण्णा, मशिन जाम झालंय. चाकच फिरंना."

माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं. "अक्का, चाकाला जोर लावू नका. पॅडलवरचा पाय काढा, बटण बंद करा. मोटर पूर्ण थांबू द्या." जुन्या क्लच मोटरी बटण बंद केल्यावरही काही क्षण फिरत राहतात. त्या वेळी पॅडलला चुकून पाय लागला तर सुई बोटात शिरते.

जोर का लावायचा नाही, हे कळायला टाका कसा पडतो ते पाहायला हवं. सुई कापडातून खाली जाते आणि तळाला पोचून किंचित वर उठते. त्या क्षणी तिच्या एका अंगाला दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. खाली फिरणाऱ्या हुकाचं टोक त्या फाशात शिरतं आणि तो फासा बॉबिन केसच्या भोवतीनं फिरवून आणतं. मग वरचा दांडा दोरा वर ओढून घेतो, खालचा आणि वरचा दोरा एकमेकांत अडकतात आणि टाका बसतो. अमेरिकेतल्या ॲलन विल्सन यांनी १८५१ साली असल्या फिरत्या हुकाचं पेटंट घेतलं, आणि आजही गणवेश शिवणारी मशिन त्याच तत्त्वावर चालते. एका टाक्याला हुक दोन फेरे घेतो. म्हणजे मशिन मिनिटाला ४००० टाके घालत असेल, तर हुक ८००० फेरे मारतो. सुई आणि हुकाचं टोक यांच्यात फट असते जेमतेम ०.०४ ते ०.१ मिलिमीटरची. दोरा अडकलेला असताना कुणी दोन्ही हातांनी चाक ओढलं, की हुक आपल्या दांड्यावर सरकतो आणि सुई-हुकाचा मेळ, म्हणजे टायमिंग, जातं. दहा मिनिटांत सुटणारा गुंता मग अर्ध्या दिवसाचं काम होऊन बसतो.

आता जी गोष्ट बहुतेकांना पटत नाही ती. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात, पण कापडाखाली दोऱ्याचा पुंजका जमला असेल, तर बिघाड बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. फूट खाली न सोडता शिलाई सुरू केली, तर टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात. वरचा दांडा दोरा ओढतो, पण तो ताणला जात नाही. फासे खालीच साचत जातात. दोरा दांड्याच्या भोकातून निसटला असेल तरी हेच होतं. आणखी एक कारण म्हणजे शिलाई सुरू करताना दोऱ्याची टोकं मोकळी सोडणं. पहिल्याच टाक्याला ती आत खेचली जातात आणि हुकाच्या खाचेत जाऊन बसतात. पॉलिस्टरचा दोरा तिथं सहजासहजी तुटत नाही. म्हणून पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही टोकं बोटानं मागं धरून ठेवायची.

सोडवायचं कसं? कापड हिसकू नका, सुई वाकते. फूट उचला, कापडाखाली कात्री सरकवून दोरे कापा आणि कापड मोकळं करा. सुई वर असेल तर बॉबिन केस काढून घ्या. नसेल तर मशिनीचं डोकं मागं कलतं करा, हुकाच्या खाचेत तेलाचा एक थेंब सोडा आणि चाक हलक्या हातानं आधी उलटं, मग सुलटं, असं थोडं थोडं हलवा. काही वेळानं दोऱ्याचं एखादं टोक बाहेर डोकावतं. ते चिमट्यानं धरून, चाक हळू उलटं फिरवत ओढलं की बहुतेक वेळा सगळा दोरा सलग बाहेर येतो. नाहीच आला, तर हुकावरची पट्टी तीन बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की आतली वाटी सुटते आणि तिच्या कडेला दाबून बसलेला दोरा, धूळ, क्वचित सुईचं तुटलेलं टोकही सापडतं. हे काम मात्र जाणत्या माणसानंच करावं. ते स्क्रू एकदा फरशीवर सांडले की शोधायलाच तास जातो.

बॅगा शिवणाऱ्या काही जड मशिनींना सेफ्टी क्लच असतो. हुक अडकला की तो दांड्यापासून आपोआप सुटतो आणि टायमिंग वाचतं. गुंता काढल्यावर बटण दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं, की क्लच पुन्हा बसतो. गणवेशाच्या साध्या सिंगल नीडल मशिनीला ही सोय सहसा नसते.

मशिन सुटली म्हणून लगेच पॅडल दाबू नये. मी आधी हुकाच्या टोकावरून नख फिरवतो. नख अडलं तर तिथं सुईचा घाव बसलेला असतो, आणि तो झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला नाही तर तासाभरात दोरा पुन्हा तुटतो. सुई तर बदलतोच. नवी सुई शेवटापर्यंत वर सारायची, लांब खाच डावीकडं. बॉबिन काठोकाठ भरायचं नाही, ८० टक्के पुरे. केस बसवताना "टक्" असा आवाज यायला हवा. शेवटी हुकाजवळ काही सेकंद कागद धरून मशिन मोकळी चालवतो. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ठीक. कोरा राहिला तर हुक सुकाच फिरतोय, आणि असा हुक लवकर झिजतो.

यातलं बरंचसं काम शिवणारी बाई स्वतः करू शकते. पण तिला ते कुणी शिकवलेलंच नसतं. "मशिनीला हात लावू नको, मेकॅनिकला बोलव" एवढंच तिला सांगितलेलं असतं. ती नगावर शिवते, म्हणजे मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंतचा सगळा वेळ तिच्या मजुरीतून जातो. मालकाचा माल उशिरा निघतो, तिच्या हातात मात्र त्या दिवशी पैसेच कमी पडतात. हे मला बरोबर वाटत नाही. आमच्या धंद्यातल्या काहींना वाटतं, बायकांना शिकवलं तर आपले फेरे कमी होतील. होऊ देत. टायमिंग, झिजलेला हुक, बिघडलेली मोटर एवढं काम आम्हाला पुरून उरतं.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे. प्रत्येक मशिनीच्या खणात एक चिमटा, एक ब्रश, एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन जादा सुया ठेवा. नवी बाई कामावर आली की पहिल्या दिवशी तिला बॉबिन केस काढायला, हुक साफ करायला आणि अडकलेला दोरा सोडवायला शिकवा, आणि त्या तासाची मजुरीही तिला द्या.